गावाचा मुराळी

माझं पाय लांब हायत आन अक्कल आखूड. ह्ये माझं बोलनं न्हाय, आमची वहिनी म्हनायची. आईबाप लहानपनीच गेलं, थोरल्या भावानं आन वहिनीनं वाढवलं, त्यामुळं तिला तेवढा हक्क हुता. शाळंत मी दीड दिस गेलो. पयल्या दिवशी पाटी फोडली, दुसऱ्या दिवशी जेवनाच्या सुट्टीला घरी आलो त्यो परत गेलोच न्हाय. मास्तरबी बोलवाया आला न्हाय. त्योबी सुटला.

शेतात मला कुनी हात लावू देत नसायचं. खुरपाया बसवलं तर तन ठेवायचो आन मिरची उपटायचो. मोटंवर उभं केलं तर बैलंच मला हाकायची. येक काम तेवढं जमायचं, चालायचं. पणदऱ्याहून न्हारी करून निगालो का बारामतीला बाजारात जाऊन दुपारच्या भाकरीला माघारी. भाऊ म्हनायचा, "ह्याला गाडीला जुपावं, बैलांचा चारा वाचल."

वहिनी म्हनायची, "आन ह्याला भाकरी थापता थापता माझा हात तुटल, त्यो?"

आमच्या मळ्याला लागून तात्याचा मळा. तात्या आमच्यातलाच, पर भावकीतला न्हवं, नुसता शेजारी. माळवं करायचा, वांगी, गवार, भेंडी, मिरची. दोन पोरी, ल्योक न्हाय. थोरली कळंबला दिल्याली. धाकली घरात, लग्नाची झाल्याली. ती तशी मुकी. पर मी कायतरी येड्यावानी बोललो का पदर तोंडात कोंबायची आन गवारीच्या वळीत खाली बसायची, दिसायचीच न्हाय. नुसती गवार हलायची. गवार हलावी म्हनून मी दिसभर बांधावर बसून बडबडायचो. आता सांगाया लाज कसली, ती मला बायकू म्हनून पायजे हुती. कुनाला बोललो न्हवतो. मनातल्या मनात मातुर लगीन लावून, जेवनाच्या पंगती उठवून मोकळा झालो हुतो.

नागपंचमी तोंडावर आल्याली. सासरवाशिनीला माहेरी आनाया जो मानूस जातो त्याला आमच्याकडं मुराळी म्हनत्यात. सख्खा भाऊ पायजे. भाऊ नसला तर बाप, न्हायतर चुलता. तात्याचं गुडघं धरल्यालं, चुलता कुनी न्हवता. तात्या आमच्या अंगनात येऊन बसला. म्हनला, "थोरलीला आनाया कोन धाडू? दोन वर्सं झाली, पोरगी पंचमीला आली न्हाय. माझं गुडघं म्हंत्यात, हितंच बस."

वहिनी चुलीपासनंच वरडली, "ह्याला न्या की! हितं पडून खातंय."

भाऊ म्हनला, "आगं पर ह्याचं नातं काय?"

"नातं कशाला लागतंय? वाट ठावी लागती. ती हाय ह्याला ठावी."

मी म्हनलं, "जातो." येवढ्या घाईनं म्हनलं का तात्या दचाकला. माझा बेत आसा, तात्याला ल्योक न्हाय, त्याच्या अडीनडीला पळालो का त्याच्या ध्यानात बसल, पोरगं कामाचं हाय, धाकली ह्यालाच द्यावी. बेत चांगला हुता. निम्मा तर खराच झाला. तात्याच्या ध्यानात मी पक्का बसलो.

पणदऱ्यापासनं कळंब बारा-तेरा कोस. उजाडायच्या आदी निगालो. तात्याच्या बायकूनं, म्हंजी काकीनं, विहिनीसाठी कानवल्यांची दुरडी डोक्यावर दिली. भावाच्या नव्या वहाना पायात. मळ्याच्या बाहीर पडायच्या आदीच चावाया लागल्या, मग त्या हातात धरून चाललो. वाटंत येक जन म्हनला, "वहाना घालत न्हाईस व्हय?" मी म्हनलं, "ह्यास्नी बी बाजार दावतोय."

बारामती सोडली का कॅनॉलच्या कडंनं वाट. बाभळींची सावली आन बाजूनं पानी, येवढाच काय तो संग. दुपारी भूक लागली. माझी शिदोरी बारामतीतच संपल्याली. येक कानवला खाल्ला. खाल्ल्यावर दुरडीतला ढीग येका अंगाला कलला. बराबर दिसावं म्हनून दुसऱ्या अंगाचा खाल्ला. मग मदीच उंच दिसाया लागलं. आसं सारकं करत करत कळंब आलं तवा ढीग लई चांगला सपाट झाला हुता.

थोरलीच्या सासूनं दुरडीवरचं फडकं काडलं. "पणदऱ्याच्या दुरडीत येवढंच मावत्यात व्हय?"

"वाटंत सांडलं."

"तुझ्या मिशीवर सांडलं काय?"

सोप्यात सगळी हसली. मीबी हसलो. तितनं म्हातारी सरळ मुद्द्यावर आली. "पोरीचा कोन तू?"

"शेजारी."

"शेजाऱ्यासंगं सून धाडत न्हाय आमी. भाऊ आसशील तर बोल. न्हायतर जेव आन जा."

थोरली दाराआड हुती. तिनं लुगडी कवाच बांधून ठेवल्याली, उंबऱ्याच्या आत गाठोडं दिसत हुतं. बांगड्या वाजल्या आन दारामागनं आवाज आला, "भाऊच हाय त्यो माझा. मानलेला. व्हय का न्हाय रं दादा?"

मी गाठोड्याकडं बगितलं. त्याला दोन गाठी मारल्याल्या, येकीवर येक.

"व्हय," मी म्हनलं.

दुसरं काय म्हननार? पर त्या येका शब्दात मी काय काय बांधून दिलं ह्ये मला तवा कळलं न्हाय. पोटात कानवलं हुतं आन डोक्यात धाकली.

माघारी येताना थोरली माझ्या मागनं दहा पावलांवर. पयला कोस रडली. दुसऱ्या कोसाला सासूचं सांगाया लागली, तिसऱ्याला जावंचं. मी आपलं मदी मदी तोंड वाकडं करून सासूवानी बोलायचो, "दुरडीत येवढंच मावत्यात व्हय?" तशी ती हसायची. पणदऱ्याची शिव आली तशी तिनं डोळं पुसलं, पदर सारका केला आन पळत सुटली. काकी तिकडनं पळत आली. दोगी येकमेकीच्या गळ्यात पडल्या. मी गाठोडं डोक्यावर घिऊन उभा. कुनाच्या ध्यानात न्हाय का मागं आजून येक मानूस हाय. बऱ्याच वक्तानं तात्या म्हनला, "आरं, ठेव की त्ये खाली."

दिवाळीला परत मीच गेलो आनाया. ह्या बारीला कानवलं खाल्लं न्हाय, म्हातारीनं उलटं मलाच चार बांधून दिलं. आन भाऊबीजेच्या दिवशी सकाळी तात्यानं आवाज दिला, "ये रं, आंगूळ करून ये. आज जेवाया हितंच."

मला वाटलं, झालं! तात्यानं मनावर घेतलं. जावायाला बगाया बोलवत्यात तसं बोलवतोय. मी सदरा धुतल्याला घातला, केसाला तेल चोपडलं. धाकलीला द्यायला बारामतीच्या बाजारातनं लाल रिबीन आनून ठेवल्याली, ती खिशात घातली. गेलो तर पाट मांडल्याला, भवतीनं रांगुळी. तात्या म्हनला, "बस." बसलो. पाट मांडून बसवत्यात म्हनल्यावर माझं पाय जमिनीला लागंनात.

पयली थोरली ताट घिऊन आली. वोवाळलं. ताटात काय टाकावं? खिशात रिबीन आन फुटानं, दुसरं कायच न्हाय. सगळी बगत हुती. रिबीन टाकली. मग धाकली आली. ताट धरून उभी ऱ्हायली, खाली मान घालून वातीशी कायतरी करत बसली. मला वाटलं, लाजती. मी तोंडभरून हसत हुतो. मग तिनं वोवाळलं. मी खिशातलं फुटानं काडून तिच्या ताटात टाकलं.

काकी डोळं पुसत म्हनली, "माझ्या पोरींना भाऊ न्हवता, आज मिळाला." मीबी डोळं पुसलं. का पुसलं, कुनाला ठाव.

तुमी म्हनाल, येवढा कसा रं येडा तू? त्येच तर सांगतोय.

त्या वर्सापासनं गावात माझं नाव झालं. ज्या घरात भाऊ न्हाय, आसला तर बारका हाय, न्हायतर भावाभावाचं बिनसलंय, त्या घरनं बोलावनं यायाचं. "मुराळ्या, आमच्या पोरीला आनतोस का?" कुनी निमगावला दिल्याली, कुनी सुप्याच्या अंगाला, कुनी पार इंदापुराजवळ. मी चांगला मुराळी हुतो, हे खोटं न्हाय. पोरी वाटंनं रडून सासरचं सांगायच्या, त्ये मी गावात कवा सांगितलं न्हाय. आन पोचवाया गेलो का माहेरचं सासरी सांगितलं न्हाय. म्हाताऱ्या म्हनायच्या, "लई भरवशाचं पोरगं." म्हंजी कसं, पेटी भरवशाची आसती तसं. आत कायबी ठेवा, वरनं कळत न्हाय.

पर लोकांच्या ध्यानात येत नसायचं, मुराळ्याची निम्मी वाट येकट्याची आसती. आनाया जाताना येकटा, पोचवून येताना येकटा. येताना तर लईच. कारन आदल्या दिवशी त्याच वाटंवर मागं पावलं वाजत आसत्यात, नाक वडल्याचा आवाज येत आसतो, "दादा, हळू चाल की," आसं कुनीतरी म्हनत आसतं. दुसऱ्या दिवशी त्याच बाभळी, त्याच पानी, आन आपुन हळू चालतोय, मागं कुनीच न्हाय. सवय. कितीक डाव मी उभा ऱ्हाऊन मागं बगितलंय.

सुप्याकडं तर कॅनॉल न्हाय, झाड न्हाय. माळ नुसता. येकदा येका पोरीला पोचवून येताना हरनं दिसली, पाच-सा. कान टवकारून माझ्याकडं बगत उभी. मी आजूबाजूला कुनी न्हाय बगून त्यास्नी माझी सगळ्यात भारी गंमत सांगितली, सासूच्या कानवल्यांची. येकानं कान हलवला. बाकीची निगून गेली. मी म्हनलं, येकाला तरी पटली.

पुढची दिवाळी झाली. दोन वर्सांत माझ्या पंधरा-सोळा बहिनी झाल्याल्या. तात्या धाकलीला ठिकानं बगतोय, आसं कानावर आलं. मग मातुर मी धीर केला. वहिनी भाकरी थापत हुती. म्हनलं, "वहिनी, तात्याला माझं इचार की."

"तुझं काय?"

"धाकलीचं."

वहिनी आदी हसली. मग तिची भाकरी तव्यावर करपली तरी तिनं उलटली न्हाय. म्हनली, "आरं येड्या, तिनं वोवाळलंय तुला. दोन डाव. गावानं बगितलंय."

"मला काय ठावं?"

"बहीन भावाला वोवाळती ह्ये ठावं न्हवतं तुला?"

"मला वाटलं, पावना म्हनून करत्यात."

वहिनीनं कपाळाला हात लावला, कपाळाला पीठ लागलं. येरवी मी त्यावर बोललो आसतो कायतरी. त्या दिवशी सुचलं न्हाय. पर मानूस चांगलं. तशीच उठली, तात्याकडं गेली, आन माझी बाजू घिऊन भांडली बी आसंल. संध्याकाळी तात्या आपला आपुन आला. माझ्या शेजारी बांधावर बसला.

म्हनला, "तू माझा ल्योक हायस. ल्योकाला कुनी पोरगी देतं का रं?"

मी म्हनलं, "मी ल्योक कवा झालो, तात्या? मला कुनी इचारलं न्हाय."

"कळंबच्या सोप्यात इचारलं की. तू व्हय म्हनालास. विहीनबाई चारचौघांत सांगत्यात." मग बांधावरचं ढेकूळ हातानं फोडलं. "तू थोरलीला आनाया जायच्या आदी बोलला आसतास, तर मी मुराळी दुसरा बगितला आसता."

येवढंच. रागावला न्हाय, हसला न्हाय. माझ्या पाठीवर हात ठेवला आन गुडघं धरून उठला. मी त्याला उठाया हात दिला. ल्योकानं द्यावा तसाच.

आन्याच्या जागी नवं पैसं नुकतं निगालं हुतं, त्या वैशाखात धाकलीचं लगीन झालं. ठिकान लांबचं, इंदापूरच्या पल्याड, भीमंच्या काठाला. नवरीच्या भावानं नवऱ्या मुलाचा कान पिळायचा आन त्यानं भावाला मानाचा फेटा द्यायचा, ही आमची रीत. भाऊ कोन? मी. मांडवात सगळी गोळा झाली. नवरा मुलगा चांगला हुता हो. गोरा, शांत. वाईट आसता तर बरं झालं आसतं, कानाला जोर आला आसता. मी हात घातला तर हात सैल पडला. नुसता कान धरून उभा.

मागनं कुनीतरी वरडलं, "मुराळ्या, भेंडी कवळी हाय का बगतोस व्हय?"

दुसरा म्हनला, "आरं पीळ की! तुझी बहीन चाललीया त्याच्या घरी!"

त्ये ऐकून मी पिळला. येवढा पिळला का नवरा मुलगा "आई गं" म्हनला आन मांडव हसून हसून वाकला. सगळ्यांनी सांगितलं, कानपिळी लई भारी झाली. मला फेटा मिळाला. अंतरपाटापाशी धाकली मान खाली घालून उभी हुती. ती हसली का न्हाय, मला दिसलं न्हाय. मी बगितलंच न्हाय म्हना.

दोन-तीन म्हैन्यांत पंचमी आली. पयली पंचमी, आनायाच पायजे. तात्या मला इचाराया आला न्हाय, नुसता म्हनला, "उद्या निघ." मीबी निगालो. आता त्या घरचा मुराळी मीच, दुसरा कोन?

वीस कोसांची वाट. येका दिसाची न्हवं. भीमंकाठी पोचलो, जेवलो, पावन्यांच्या चेष्टा ऐकल्या. दाजींनी कान झाकून घेतला तशी सगळी हसली. दुसऱ्या दिवशी धाकलीला घिऊन निगालो. कळंबला थोरलीच्या घरी मुक्काम केला. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅनॉलच्या कडंनं बारामतीची वाट धरली.

धाकली मागनं यायाची. रडली न्हाय. सासूचं सांगितलं न्हाय, जावंचं सांगितलं न्हाय. मी सगळ्या गमती काडल्या. सासूवानी बोललो, भावाच्या वहानांची सांगितली, हरनांची सांगितली. मागं कायबी न्हाय. शेवटी मी म्हनलं, "तिकडं बरं हाय नव्हं?"

"बरं हाय. मानसं चांगली हायत."

"मग?"

तिनं गाठोडं ह्या काखेतनं त्या काखेत घेतलं. मग म्हनली, "तुला पयल्यांदा वोवाळलं, त्या दिवशी मी वात तीन डाव मागंपुढं केली."

"हा."

"म्हनलं, येवढ्या वेळात ह्यो पाटावरनं उठल. कायतरी बोलंल, गंमत करंल, पर उठल. तू हसतच बसलास."

मी थांबलो. मागं वळलो न्हाय. आयुष्यात येवढं बोललो, जनावरांसंगं बोललो, आन त्या वक्ताला माझ्या तोंडातनं काय निगालं ठाव हाय का?

"मला वाटलं, वारा हाय."

मागं कसलातरी आवाज आला. मी वळून बगितलं तर ती पदर तोंडात कोंबून खाली बसल्याली, खांदं हलत हुतं. हसत हुती का रडत हुती, मला आजबी सांगता येनार न्हाय. मग उठली, गाठोडं उचललं. म्हनली, "चल, उशीर व्हतोय. आई वाट बगत आसंल." पणदऱ्यापर्यंत येकदाबी दादा म्हनली न्हाय, आन दुसरं बी कायच म्हनली न्हाय.

पंचमी झाली, पोचवाया मीच गेलो. वाटंत तिनं मळ्यातल्या वांग्यांचं इचारलं, मी वांग्यांचं सांगितलं. पोचवून माघारी निगालो. कळंब सोडल्यावर कॅनॉलमदी पाय सोडून बसलो. उठावं आसं वाटंना. तवर सायकलवरनं कॅनॉलचा साहेब आला, डोक्यावर टोपी.

"ए, पाय काड भाईर! कुठला रं तू?"

"पणदऱ्याचा."

"हितं काय करतोस?"

"इंदापूरच्या पल्याडनं आलोय."

"कशानं आलास?"

मी पान्यातनं पाय वर काडून दावलं. साहेब हसला. कुठनं कुठवर चालतोस, किती येळा, सगळं इचारलं. मी सांगितलं. कॅनॉलची कुठली बाभळ पडलीया, कुठं खेकड्यांनी भराव पोखरलाय, कुठं पानी झिरपतंय, त्येबी सांगितलं. येकटा चालनारा मानूस दुसरं बगनार काय? साहेब सायकलवरनं उतरला. म्हनला, "पाटकऱ्याची जागा हाय. रोज चार कोस भराव चालायचा, दोन जायाचं, दोन यायाचं. फाट्याचं दार उघडायचं, लावायचं. चौकीवर ऱ्हायाचं. येकट्याला जमंल का?"

मी म्हनलं, "साहेब, तेवढंच जमतं."

आशी मला नोकरी लागली. शिकल्याली पोरं अर्ज करून दमली आन मला पायांनी लावली. चौकीवरच आकडं शिकलो, पान्याच्या पट्टीवरचं वाचाया. अक्षरं पुढं लई वर्सांनी. वहिनी गावभर सांगत सुटली, "आमचं सरकारात लागलं." चौकी गावापासनं लांब. येक खोली, येक कंदील, भवतीनं ऊस. भाकरी मीच थापायचो. आशा व्हायाच्या का कॅनॉलात टाकल्या तर दार लावायची गरज न्हाय.

खरं सांगतो, मी नोकरी धरली ती पगारासाठी न्हवं. दिवाळी येनार, परत तात्या म्हननार, "उद्या निघ." आन त्या वाटंवर परत ती मागनं चालनार, मी पुढं. माझ्यात तेवढं बळ न्हवतं. चालायचं बळ हुतं, बाकीचं न्हवतं. म्हनून मी आदीच जोडून ठेवलं का म्हनायचं, साहेब रजा देत न्हाय. चार-पाच दिस भरावावर चालता चालता घोकलं. आवाज कसा काडायचा, तोंड कसं करायचं, सगळं.

दिवाळी आठ दिसांवर आली आन दुपारच्याला तात्या चौकीवर आला. काठी टेकत. यष्टी आता बारामतीहून सुरू झाल्याली, ती पुलापाशी थांबायची, तितनं चालत आला. मी पानी दिलं. तात्यानं टोपी काडून घाम पुसला, "आरं..." म्हनून तोंड उघडलं.

मी घाई केली. म्हनलं, "तात्या, साहेब रजा देत न्हाय बगा. लई इनवलं. पाया पडलो. न्हायच म्हनला. दिवाळीत पान्याची पाळी हाय, पाटकरी हलला न्हाय पायजे."

तात्यानं टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हनला, "पाया कशाला पडलास? मी तुला धाडनार न्हवतो."

"आं?"

"धाकलीनंच निरोप दिलाय. ह्या दिवाळीला दादाला धाडू नगा, त्याला लांब पडतं. जावाय यष्टीनं घिऊन येनार हायत. तू रुसशील, म्हनून म्हनलं, आपुन जाऊन सांगावं."

मी घोकून ठेवल्यालं तोंड तसंच ऱ्हायलं. काडताबी यीना. साहेबाकडं मी रजा मागितलीच न्हवती. मागितली आसती तर त्यानं दिली आसती, भला मानूस. येवढं खोटं बोललो आन त्ये फुकट गेलं. मला जायाचं न्हवतं, आन तिला मी यायला नगं हुतो. दोगांचंबी येकच म्हननं. आयुष्यात पयल्यांदा आमचं दोगांचं जुळलं.

तात्यानं चौकीत नजर टाकली, भाकरीकडं बगितलं. "काकी शेव-चकल्या धाडंल," म्हनला. "भाऊबीजेला थोरली म्हनतीया, हितंच यिऊन वोवाळती."

"आन..." मी म्हनलं, पर पुढचं इचारलं न्हाय.

त्यानं ऐकलं का न्हाय, कुनाला ठाव. काठी टेकून उठला. यष्टीला वेळ हुता, म्हनून मी त्याला पुलापतूर सोडाया गेलो. त्याचं गुडघं दुखायचं, त्यामुळं लई हळू चालत हुतो. मी पुढं, तात्या मागं. यष्टी आली, त्यो चढला, खिडकीतनं हात हलवला. यष्टी गेली आन धुरळा बसला.

माघारी आलो तर फाट्यावर चार-पाच मानसं उभी. पान्याची पाळी दुपारची हुती, दार मी उघडलंच न्हवतं. उसाला पानी पायजे आन पाटकरी बेपत्ता. लांबनंच शिव्या सुरू झाल्या. येकानं माझ्या लांब पायांचा उद्धार केला, दुसऱ्यानं आईबापाचा. मी दाराचा दांडा फिरवला, पानी सुटलं, तरी त्यांचं चालूच. मी मुद्दाम दांडा सावकास फिरवत ऱ्हायलो. चौकीवर गेलो का परत कुनी बोलनार न्हवतं.